औषधांचे दुष्परिणाम कॉम्प्युटर शोधतो, मग आपण कशाला कळवायचं?

नाशिकमध्ये रविवार कारंजावर औषधं घेताना हा प्रश्न हमखास कानावर येतो. समज चुकीचा आहे. मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, वाचतो ते कुणीतरी आधी लिहिलेलंच.

वाचण्यातही गोची आहेच. ‘तापासाठी पॅरासिटामॉल दिलं’ आणि ‘गोळीनंतर ताप आला’: दोन्हीकडे औषध नि ताप शेजारीशेजारी, पण पहिल्यात ताप हे औषध देण्याचं कारण, दुसऱ्यात कदाचित परिणाम. ‘पुरळ नाही’मधला ‘नाही’ निसटला की संपलंच! नीट शिकवलेला प्रोग्रॅम हे बऱ्याचदा ओळखतो. तरी हाती लागतो तो संशय. खातरजमा तज्ज्ञच करतात.

गोळीनंतर अंगावर पित्त उठलं, तर आधी डॉक्टरांना सांगा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ वर रुग्णालाही कळवता येतं.