तेवीस जर्सींचं गणित: रग्बी संघनिवडीच्या वादामागचा इतिहास

राष्ट्रीय रग्बी संघ जाहीर झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमक्याला घेतलं, मग तमक्याला का वगळलं? प्रश्न जुना आहे, पण त्याचा जाब प्रशिक्षकाला विचारण्याची पद्धत तेवढी जुनी नाही. पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरामध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, तेव्हा प्रत्येक बाजूला २० खेळाडू होते. १८७७ मध्ये ते १५ झाले. पुढे कित्येक दशकं संघ निवडायची ती संघटनेची समिती. वेल्सच्या पाच निवडकर्त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणत. इंग्लंडने आपला पहिला प्रशिक्षक, डॉन व्हाइट, नेमला तो थेट १९६९ मध्ये. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन (१५ जणांचा हा प्रकार) व्यावसायिक झाली आणि निवडीचा अधिकार व तिचा दोष, दोन्ही हळूहळू एकाच माणसाच्या वाट्याला आले.

याहून मोठा बदल मात्र राखीव खेळाडूंच्या नियमांनी घडवला. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यात जखमी खेळाडूच्या जागीही दुसरा उतरवता येत नसे. १९९६ पासून डावपेच म्हणून खेळाडू बदलता येऊ लागले. आज सामन्यासाठी २३ जणांची नावं द्यावी लागतात आणि त्यांतले किमान सहा पुढच्या फळीत खेळू शकणारे हवेत: दोन हुकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू), चार प्रॉप (त्याच्या दोन्ही बाजूंचे). हे बंधन सुरक्षेसाठी आहे. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी जोर लावतात तेव्हा, मानेवर येणारा भार न शिकलेल्या खेळाडूने पेलणं धोक्याचं असतं. प्रशिक्षित माणूस उरला नाही, तर पंच जोर न लावता स्क्रम खेळवतात, आणि ज्याच्या जाण्यामुळे ही वेळ आली त्याच्या जागी बदली मिळत नाही. म्हणजे पुढचा खेळ १४ जणांनिशी.

आठ राखीवांपैकी तीन जागा अशा आधीच ठरलेल्या असतात. खरी निवड उरलेल्या पाचांची. रूढ वाटणी पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये जोर लावणारे) आणि तीन बॅक (त्यांच्या मागे राहून चेंडू खेळवणारे) अशी आहे. त्या तिघांत एक स्क्रम-हाफ (स्क्रममधून चेंडू काढून देणारा), एक फ्लाय-हाफची (तो चेंडू घेऊन खेळाची दिशा ठरवणाऱ्याची) जागा सांभाळू शकणारा आणि एक मागच्या फळीतला. त्यामुळे दोन-तीन जागांवर खेळू शकणारा खेळाडू एकाच जागेवरच्या सरस खेळाडूला मागे टाकतो. दोघांचे आकडे शेजारी ठेवून घातलेला वाद बहुतेक वेळा इथेच भरकटतो.

२०१५ च्या विश्वचषकातला सॅम बर्जेस घ्या. रग्बी लीग या १३ जणांच्या वेगळ्या प्रकारातून आलेला हा खेळाडू बाथ क्लबसाठी फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळला होता. इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी त्याला वेल्सविरुद्ध सेंटरला, म्हणजे बॅकमधल्या मधल्या जागेवर, उतरवलं. फ्लाय-हाफला जॉर्ज फोर्डऐवजी ओवेन फॅरेल आला. इंग्लंड २८-२५ असा हरला, यजमान असूनही साखळीत बाद झाला आणि खापर बर्जेसवर फुटलं. पण तो मैदानाबाहेर गेला तेव्हा इंग्लंड पुढे होता, आणि अखेरीस बरोबरी साधून देणारी पेनल्टी किक (नियमभंगाबद्दल मिळणारी, तीन गुणांची) सोडून लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकून खेळ सुरू करणं) घेण्याचा निर्णयही त्याचा नव्हता. त्याच्या एकट्यावर आलेला दोष अन्यायाचा होता.

कधी प्रशिक्षकाचे हात नियमच बांधतो. इंग्लंड परदेशी क्लबांतले खेळाडू अपवादानेच घेतो. २०१४ चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, तूलाँ या फ्रेंच क्लबचा स्टेफन आर्मिटेज २०१५ च्या विश्वचषकाला मुकला. ऑस्ट्रेलियाने मात्र एप्रिल २०१५ मध्ये ६० कसोट्या (आंतरराष्ट्रीय सामने) आणि सात वर्षांची देशांतर्गत व्यावसायिक कारकीर्द असलेल्यांना सूट दिली. परदेशात खेळणारा मॅट गिटो परतला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला.

राखीवांचं गणित सगळ्यांत धीटपणे मांडलं ते दक्षिण आफ्रिकेने. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी सहा फॉरवर्ड, दोन बॅक अशी वाटणी ठेवून इंग्लंडला ३२-१२ ने हरवलं. २०२३ मध्ये ही वाटणी सात-एक झाली. दमलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर दुसऱ्या सत्रात जवळजवळ आख्खी ताजी फळी उभी करायची, हा त्यामागचा हिशेब. दोन बॅक लवकर जखमी झाले तर काय, याचं उत्तर क्वागा स्मिथसारखा, सात जणांचा सेव्हन्स हा प्रकार खेळलेला चपळ फॉरवर्ड.

२०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचा हुकर माल्कम मार्क्स याचा गुडघा दुखावला. त्याच्या जागी हुकर न बोलावता फ्लाय-हाफ हँड्रे पोलार्डला संघात घेतलं, कारण संघातल्या फ्लाय-हाफ मानी लिबोकच्या गोलकिकचा भरवसा वाटत नव्हता. उपांत्य सामन्यात हा निर्णय सोन्याचा ठरला. राखीवांतून आलेल्या ऑक्स एन्चेच्या जोरावर स्क्रममध्ये पेनल्टी मिळाली, पोलार्डने ती दुरून मारली आणि इंग्लंड १६-१५ ने हरला. अंतिम सामन्यात त्याच निर्णयाची किंमत मोजावी लागली. काही मिनिटांतच हुकर बोंगी एम्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला आणि मुख्यतः फ्लँकर असलेल्या डिऑन फोरीला जवळजवळ पूर्ण सामना हुकर म्हणून खेळावं लागलं. लाइनआउट विस्कळीत झाला. लाइनआउटमध्ये चेंडू हुकर टाकतो. उंची आणि वेळ रोजच्या सरावातून जुळते, आणि ती चुकली की स्वतःच्याच थ्रोवर चेंडू हातचा जातो. तरीही न्यूझीलंडविरुद्ध निकाल १२-११ लागला, आणि ते बाराही गुण पोलार्डच्या किकचे होते.