अरुची (चव जाणे)

अरुची : जिभेला रसांचा बोध कमी होणे, चुकीचा होणे किंवा पूर्ण थांबणे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ‘तोंडाला चव नाही’ असे म्हणतात. कानडी शेजारी ‘बायिगे रुचि इल्ल’ म्हणतो. या एका तक्रारीत चव न कळणे, वास न येणे आणि अन्नावर वासना नसणे अशा तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याखेरीज उपचार लागू पडत नाही.

‘चव’ या शब्दाचे मूळ दोन दिशांनी शोधता येते. संस्कृत ‘चर्व्’ धातूपासून ‘चावणे’ आले. त्याच्याशी ‘चव’ जोडावी, तर ध्वनी जुळतो पण अर्थ ताणावा लागतो. उलट कानडी ‘सवि’, तेलुगू ‘चवि’, तमिळ ‘सुवै’ या शब्दांत रुचीचा अर्थ सरळच आहे. मराठीतला दंत्य ‘च’ तेलुगू उच्चाराला जवळचा आहे, तर कानडीत त्या जागी ‘स’ येतो. म्हणून द्राविडी मूळ अधिक ग्राह्य वाटते. मात्र शब्द थेट आजच्या कानडीतून आला नसावा.

आयुर्वेदात या विकारास अरोचक म्हणतात. चरकाने वातादी दोषांबरोबर शोक, भय, क्रोध आणि मनाला न रुचणारे अन्न, रूप व गंध ही कारणे दिली आहेत. माधवनिदानात (साधारणतः इ. स. ७ वे–८ वे शतक) त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. घास तोंडात घेऊनही गोड न लागणे तो अरोचक आणि अन्नाच्या नुसत्या विचाराने किंवा दर्शनाने तिटकारा येणे तो भक्तद्वेष, हा टीकाकारांचा भेद आजही रुग्ण तपासताना उपयोगी पडतो.

जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाची चव सातव्या मस्तिष्क-चेतेच्या (मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जातंतूच्या) शाखेतून, मागच्या भागाची नवव्या चेतेतून मेंदूकडे जाते. रुचिकोशिका सुमारे १० दिवसांत नव्या होतात. तिखटपणा ही मात्र चव नव्हे. तो दाहाचा बोध असून पाचव्या चेतेचे काम आहे. त्यामुळे संकेश्वरी मिरचीच्या आमटीने नाका-डोळ्यांतून पाणी येते, तरी रुग्ण ‘नुसतं तिखट लागतंय, चव काय नाय’ म्हणतो.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. नाक चिमटीत धरून गुळाचा खडा चघळावा. गोडी कळली, पण नाक सोडल्यावरही गुळाचा खमंगपणा आला नाही, तर जीभ शाबूत असून दोष नाकाचा आहे. चव गेल्याच्या बहुतेक तक्रारी याच प्रकारच्या असतात. बेळगावचा कुंदा अशा माणसाला साखरेसारखा नुसता गोड लागतो. भाजलेल्या खव्याचा वास हरवलेला असतो.

सर्दी, सायनसची सूज व कोविड ही नेहमीची कारणे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास वा चव जाणे कोविडच्या लक्षणांत घेतले. तोंड कोरडे पडणे, हिरड्यांचे रोग, मधुमेह, जस्ताची कमतरता, मेट्रोनिडाझोलसारखी औषधे, डोक्या-मानेवरील किरणोपचार हीही कारणे आहेत. तंबाखू आणि मशेरीची सवय असल्यास प्रथम तीच सोडावी. तोंड एका बाजूला वाकडे होऊन चव गेली, तर विलंब न लावता डॉक्टर गाठावा.

उपचार कारणावर करतात. औषधामुळे चव गेली असेल, तर ते आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. जस्ताच्या गोळ्या कमतरता असेल तरच घ्याव्यात. सरसकट देण्यास पुरावा अपुरा आहे. जेवणापूर्वी आल्याचा तुकडा सैंधव लावून चघळण्याची जुनी रीत लाळ सुटण्यास मदत करते. वास गेला असल्यास गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी यांचे वास दिवसातून दोनदा, किमान १२ आठवडे लक्ष देऊन घ्यावेत. हा घ्राण-सराव २००९ पासून रूढ झाला. सुधारणा सावकाश होते. तोवर रक्तदाब असलेल्या वृद्धांच्या ताटात मीठ वाढवू नये. लिंबू, आमसूल, कोथिंबीर यांनी जेवण रुचकर करावे.