फॉर्म १६: प्रत सरकारी सर्व्हरवर, किल्ली मालकाकडे

जून उजाडला की पगारदार माणसाचा एचआरकडे एकच तगादा सुरू होतो: फॉर्म १६, म्हणजे पगारातून किती कर कापला याचं मालकाने दिलेलं प्रमाणपत्र, आला का? हल्ली तो येतो ईमेलने, पासवर्ड घातलेल्या पीडीएफच्या रूपात. त्यावर ट्रेसेसचं, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएस (मुळातून कर कपात) पोर्टलचं चिन्ह असतं. साहजिकच अनेकांना वाटतं, कंपनीच्या मागे कशाला लागायचं, आपणच लॉगिन करून उतरवून घेऊ. लॉगिन होतंही. आत २६एएस हे आपल्या कराचं वार्षिक पत्रक दिसतं, कापलेला कर दिसतो, फक्त फॉर्म १६ मिळत नाही. तो उतरवून घेण्याची सोय टॅन हा खाते क्रमांक असलेल्यालाच, म्हणजे कर कापणाऱ्यालाच आहे. कागद तयार होतो सरकारी संगणकावर आणि हवा असतो कर्मचाऱ्याला. तरी मधल्या मालकाला वगळता येत नाही, कारण या कागदाचा इतिहासच तसा आहे.

१८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने १८६० मध्ये हिंदुस्थानात आयकर आणला. तो पुढे बंद झाला, वेगवेगळ्या नावांनी परत आला आणि १८८६ च्या कायद्याने स्थिरावला. वर्षाला ५०० रुपयांच्या आतली कमाई त्या कायद्याने सोडून दिली होती. सरकारी नोकरांचा कर मात्र पगार देतानाच कापून घ्यायची रीत त्या कायद्यात होती. कारकुनाच्या घरी वसुलीला माणूस पाठवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. १९२२ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये पगारातून कर कापण्याची तरतूद होती आणि १९६१ च्या कायद्यात ती कलम १९२ मध्ये आली. त्याच कायद्याच्या कलम २०३ ने कापणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी टाकली: ज्याचा कर कापला, त्याला तसं प्रमाणपत्र द्यायचं. १९६२ च्या आयकर नियमांत पगारासाठीच्या या प्रमाणपत्राचा जो नमुना ठरला, तो फॉर्म १६.

त्या काळच्या फॉर्म १६ मागे पुरावा म्हणून मालकाचा शब्द तेवढा होता. लेटरहेडवर टंकलेखित तक्ता, तळाशी रबरी शिक्का, त्यावर सही. कर खरोखर सरकारजमा झाला की नाही, हे त्या कागदावरून कर्मचाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. चलनांचे, म्हणजे कर बँकेत भरल्याच्या पावत्यांचे तपशील असत, पण ती चलनं ताडून कोण बघणार? 'सरल' नावाच्या नमुन्यात विवरणपत्र भरताना हाच कागद सोबत जोडावा लागे. मालकाने कर कापला पण भरलाच नाही, तर? कायद्याचं कलम २०५ इथे कर्मचाऱ्याच्या बाजूने उभं होतं: कर एकदा मुळातून कापला गेला की तोच कर त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. मालकाने ना कर भरला होता, ना फॉर्म १६ दिला होता. न्यायालयाचं म्हणणं असं की खात्याने वसुली मालकाकडून करावी. हा निकाल आजही कामाला येतो आणि पगारपट्ट्या जपून का ठेवाव्यात, हेही त्यातून कळतं.

कागदावरून संगणकाकडे जाण्याचा प्रवास फॉर्म १६ पासून सुरू झालाच नाही. आधी मालकाने खात्याला द्यायच्या हिशेबाचं संगणकीकरण झालं. २००३ मध्ये ई-टीडीएसची योजना आली आणि कंपन्यांना टीडीएसची विवरणपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं बंधनकारक झालं. हे काम मुंबईतल्या लोअर परळच्या एनएसडीएलकडे गेलं. डिमॅट खात्यांमुळे नाव झालेली ही संस्था. तिच्याच ई-गव्हर्नन्स शाखेचं नाव पुढे प्रोटीन झालं आणि पॅनकार्डाच्या अर्जामुळे तिचा पुण्याचा पत्ता महाराष्ट्राबाहेरही लोकांना पाठ झाला. त्या सुरुवातीच्या दिवसांतलं 'इलेक्ट्रॉनिक' म्हणजे काय, तर डेटा फ्लॉपीत किंवा सीडीत भरायचा, एफव्हीयू नावाच्या आज्ञावलीतून तपासून घ्यायचा आणि ती सीडी घेऊन टिन केंद्रात, म्हणजे ही विवरणपत्रं स्वीकारणाऱ्या केंद्रात जायचं. सोबत फॉर्म २७ए हा सही केलेला कागद हवाच. सीडीतली बेरीज आणि कागदावरची बेरीज जुळली नाही, तर केंद्रातला माणूस दोन्ही परत करी. अकाउंट्सला काम केलेल्या जुन्या माणसांना एफव्हीयूची एरर फाइल अजून आठवत असेल.

आता या इतिहासातली सगळ्यात गमतीची गोष्ट. सरकारने फॉर्म १६ मोडीत काढायचं ठरवलं होतं. २००४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने कलम २०३ ला एक पोटकलम जोडलं: १ एप्रिल २००५ पासून कापलेल्या करासाठी प्रमाणपत्र देण्याची गरज राहणार नाही. त्यामागचा हिशेब सरळ होता. मालक तिमाही विवरणपत्रात प्रत्येकाचा पॅन आणि कापलेला कर देणारच, बँका चलनांची माहिती पाठवणारच, मग दोन्ही जुळवून प्रत्येकाच्या नावे वार्षिक पत्रक निघेल. तोच फॉर्म २६एएस. ते असताना वेगळं प्रमाणपत्र कशाला? कागदावर हे बिनतोड होतं. प्रत्यक्षात पॅन चुकत, चलन क्रमांक चुकत, काहींनी विवरणपत्रच भरलेलं नसे आणि २६एएसमध्ये मोठमोठी भोकं राहत. त्यामुळे ती तारीख पुढे ढकलली गेली, परत ढकलली गेली, शेवटी १ एप्रिल २०१० पर्यंत आली. आणि २०१० च्या वित्त कायद्याने ते पोटकलमच गाळून टाकलं. म्हणजे जे प्रमाणपत्र पाच वर्षं जाण्याच्या बेतात होतं, ते एकही दिवस न जाता राहिलं.

माझ्या मते ते राहिलं, हे बरंच झालं. २६एएस सांगतो किती रक्कम दिली आणि किती कर कापला, तेवढंच. घरभाडे भत्त्यातला किती भाग करमुक्त धरला, प्रमाणित वजावट दिली का, ८०सी या गुंतवणुकीच्या वजावटीत काय काय मान्य केलं, हे फक्त फॉर्म १६ मध्ये असतं. ही गणिताची वही मालकाकडे असते. ती दाखवायला कायद्याने त्याला भाग पाडलं नसतं, तर पगारदाराला स्वतःच्याच कराचा हिशेब अंदाजाने मांडावा लागला असता.

डिजिटल प्रत कायदेशीर झाली ती याच धरसोडीच्या काळात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये लागू झाला आणि डिजिटल सहीला कागदावरच्या सहीचा दर्जा मिळाला. तरी हजारो कर्मचाऱ्यांच्या फॉर्म १६ वर अधिकाऱ्याने एकेक सही करायची रीत चालूच होती. मे २००७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक २ काढून फॉर्म १६ वर डिजिटल सही चालेल असं सांगितलं. सही झाल्यावर मजकुरात फेरफार करता येऊ नये, ही त्यातली मुख्य अट. हे ऐच्छिक होतं. मोठ्या कंपन्यांनी लगेच उचललं, लहान दुकानदारी शिक्क्यावरच राहिली. त्याच सुमारास, २००७-०८ च्या कर निर्धारण वर्षापासून, विवरणपत्राला कागद जोडायची पद्धतही बंद झाली.

खरा बदल २०१३ चा. त्या वर्षीच्या १७ एप्रिलच्या परिपत्रक क्रमांक ४ ने फॉर्म १६ च्या दोन भागांच्या वाटा वेगळ्या केल्या. भाग 'अ' म्हणजे किती कर कापला आणि कोणत्या चलनाने भरला. तो ट्रेसेसवरूनच उतरवून द्यायचा, घरी बनवलेला चालणार नाही. त्यामुळे कर जमा न करता नुसतं प्रमाणपत्र हातात ठेवण्याची सोय संपली आणि कर्जासाठी बनवलेले खोटे फॉर्म १६ पकडणंही सोपं झालं. भाग 'ब', पगाराच्या हिशेबाचा, मालकाकडेच राहिला. तोही २०१८-१९ च्या आर्थिक वर्षापासून ट्रेसेसवरून घ्यावा लागू लागला आणि त्याचे रकाने विवरणपत्राशी जुळवले गेले. मालकाला तिथे तयार पीडीएफ मिळत नाही. विनंती टाकायची, मग एक झिप फाइल येते, ती ट्रेसेसच्याच छोट्या आज्ञावलीत टाकून डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावायचा, की माणशी एकेक पीडीएफ बाहेर पडते.

ती पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी असते म्हणून नव्हे. तुमच्या संगणकावरच्या ॲक्रोबॅटला भारतातल्या प्रमाणन प्राधिकरणांचं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नसतं. ते एकदा विश्वासार्ह म्हणून नोंदवलं की हिरवी खूण येते. छापलं मात्र तसंच, तर प्रश्नचिन्हही छापून येतं. आणि मग कर्जाच्या टेबलावरून ऐकायला मिळतं: सही-शिक्का मारून आणा! कायद्याने सही इलेक्ट्रॉनिक केली, टेबलापलीकडचा माणूस अजून शिक्का शोधतो.

उशीर का होतो, तेही याच साखळीत आहे. १९६१ च्या कायद्याखाली मार्चचा कर भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत होती, चौथ्या तिमाहीचं २४क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत, त्यावरून ट्रेसेसची प्रक्रिया आणि मग १५ जूनपर्यंत फॉर्म १६. एप्रिलमध्ये फॉर्म १६ मागून तो मिळणारच नाही, कारण तो बनण्याचा कच्चा मालच तेव्हा सरकारकडे गेलेला नसतो. २४क्यू भरायला उशीर झाला, तर मालकाला दिवसाला २०० रुपये शुल्क. प्रमाणपत्रच दिलं नाही, तर दिवसाला ५०० रुपये दंड, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. सरकारी कार्यालयांत आणखी एक सांधा आहे. तिथे पैसे चलनाने नव्हे, पुस्तकी नोंदीने फिरतात. कोषागाराने भरलेल्या मासिक विवरणपत्रातून बिन नावाचा, त्या नोंदीचा ओळख क्रमांक निघतो आणि आहरण व संवितरण (पगार काढून वाटणाऱ्या) अधिकाऱ्याने तो तिमाही विवरणपत्रात अचूक टाकला, तरच कर कर्मचाऱ्याच्या नावे दिसतो. सरकारी कर्मचाऱ्यांना 'पगारातून कापलाय पण दिसत नाही' हा अनुभव येतो, त्यामागे अनेकदा एवढीच चूक असते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे वेगळं वाटेल. तिथला डब्ल्यू-२ मालकाने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो आणि तो फक्त इलेक्ट्रॉनिक द्यायचा तर कर्मचाऱ्याची आधी संमती लागते. आपल्याकडे तसं कोणी विचारत नाही, ईमेल येते.

जुनी नोकरी सोडल्यावर मात्र ईमेलच बंद झालेली असते. घरकर्जासाठी किंवा व्हिसासाठी मागच्या दोन-तीन वर्षांचे फॉर्म १६ मागितले की धावपळ होते. आयकर नियमांतल्या नियम ३१ ने यावर तोडगा ठेवला होता: मूळ प्रत हरवली आणि कर्मचाऱ्याने मागणी केली, तर 'दुय्यम प्रत' असं प्रमाणित करून मालक पुन्हा देऊ शकतो. त्यासाठी वर्ष आणि पॅन लिहून वैयक्तिक ईमेलवरून जुन्या कंपनीच्या वेतन विभागाला विनंती करावी, म्हणजे मागितल्याची नोंदही राहते. कंपनी बुडाली असेल, तर २६एएस, वार्षिक माहिती पत्रक आणि पगारपट्ट्या यांवर विवरणपत्र भरता येतं. फॉर्म १६ नसल्याने ते अडत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू झाला. कलम १९२ ची जागा ३९२ ने घेतली, प्रमाणपत्राचं कलम ३९५ झालं, 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी नव्या कायद्यातही कर कापणाऱ्याचीच आहे.