अर्ध्या तासाचा हिशेब : रक्त फिरतं हे कसं कळलं

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन आधी पर्गमॉनला ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधायचा, पुढे रोमच्या बादशहांचा वैद्य झाला. धमन्यांत हवा नसून रक्त असतं, हे त्याने जनावरांवर प्रयोग करून दाखवलं. पण बाकीचं चित्र त्याने भलतंच रंगवलं. अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांवाटे अंगभर जातं आणि पाटाचं पाणी शेतात मुरावं तसं अवयवांत जिरतं. परत फिरण्याचा प्रश्नच नाही. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात जातं, ते मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून. ही छिद्रं कुणीच पाहिली नव्हती, तरी युरोपात जवळजवळ चौदाशे वर्षं कुणी ती नाकारली नाहीत.

कैरोत मात्र अरब वैद्य इब्न अल्-नफीसने १२४२ च्या सुमारास स्पष्ट लिहिलं : पडदा जाड आहे, त्यात वाट नाही, रक्त फुप्फुसातून वळसा घालून डावीकडे येतं. हे लिखाण असं विस्मृतीत गेलं की १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात ते पुन्हा सापडलं. युरोपात हाच वळसा मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने १५५३ मध्ये छापला, तोही धर्मशास्त्राच्या पुस्तकात. त्याच वर्षी जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. त्याला विज्ञानाचा हुतात्मा म्हणायची हौस अनेकांना असते, पण खटला चालला तो त्रैक्यासारख्या (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत, ही ख्रिस्ती शिकवण) धर्ममतांवरून, रक्तावरून नव्हे.

विल्यम हार्वे हा वैद्य इंग्लंडचा, पण शिकला इटलीत, पाडुआला. तिथले त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी शिरांतल्या झडपांवर पुस्तक लिहिलं होतं. रक्त हातापायांत फार वेगाने उतरू नये म्हणून त्या असतात, असं त्यांचं मत. हार्वेने त्याच झडपा घेतल्या आणि दंडाला पट्टी बांधून पाहिलं. पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी बंद आणि हात गार पडतो. किंचित सैल केली की हात लाल होतो, शिरा टरारून फुगतात. म्हणजे खोलवरच्या धमनीतून रक्त आत येतंय, पण वरच्या शिरांतून परत जाताना अडतंय. मग फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त पुढच्या झडपेपलीकडे खांद्याकडे सारायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो. वरून खाली कितीही रेटा, झडप रक्त उतरू देत नाही. दाबलेलं बोट उचललं की ती शीर खालून भरते.

पण खरा घाव घातला तो हिशेबाने. दर ठोक्याला हृदयातून फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात हजार ठोके, म्हणजे पाचशे औंस, सुमारे चौदा किलो! इतकं रक्त अख्ख्या माणसात नसतं, मग यकृत ते दर अर्ध्या तासाला कुठल्या अन्नातून बनवणार? तेव्हा तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. आकडा त्याने मुद्दाम कमी धरला होता; प्रत्यक्षात एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टला त्याचं ७२ पानांचं लॅटिन पुस्तक निघालं. पॅरिसच्या रिओलॉं या वैद्याने कडाडून विरोध केला, आणि हार्वेची रुग्णसंख्या घटली असं त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने नोंदवून ठेवलंय. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कसं पोचतं, हे हार्वेला दाखवता आलं नाही. तो १६५७ मध्ये वारला आणि १६६१ मध्ये इटालियन वैद्य मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, पाहिल्या.

उपचारांवर मात्र याचा ढिम्म परिणाम झाला नाही. साचलेलं, बिघडलेलं रक्त काढून टाकावं, ही कल्पना जुन्या चित्रातली. तरी स्वतः हार्वेसुद्धा शीर तोडून रक्त काढण्याच्या बाजूचाच होता. डिसेंबर १७९९ मध्ये घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या अंगातून एका दिवसात कित्येकदा रक्त काढलं गेलं आणि त्याच रात्री तो गेला. पॅरिसच्या डॉक्टर पिएर लुईने १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांची नोंद मांडली, तेव्हा आजाराच्या पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण उशिरा काढलेल्यांपेक्षा जास्त निघालं. तरीही पुढची कित्येक दशकं डॉक्टर शिरा तोडतच राहिले.