जॅझ शिकायचंय, मग बाख कशाला?

आमच्या पियानोच्या शिकवणीत नाव घालायला आलेले बरेच जण पहिल्याच दिवशी विचारतात, "मला जॅझ आणि ब्लूज वाजवायचंय. मग आधी बाख आणि शोपँ कशाला?" हे दोघे युरोपच्या शास्त्रीय संगीतातले रचनाकार, तेव्हा प्रश्न रास्त आहे. थोडं सविस्तर उत्तर द्यावं, म्हणून हे पत्रक.

आपल्याकडे गवयाला घराणं विचारतात. मॉन्ट्रियलच्या जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनला ते विचारलं असतं, तर उत्तर थेट एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रीय पियानोवादक फ्रान्झ लिस्टपर्यंत गेलं असतं. पीटरसनचे गुरू पॉल द मार्की मूळचे हंगेरीचे, त्यांचे गुरू इश्तवान तोमान आणि तोमान हे लिस्टचे शिष्य. पीटरसनचा उजवा हात सुसाट धावतो तेव्हाही प्रत्येक सूर दाणेदार ऐकू येतो. ही तयारी त्या तालमीतली.

अमेरिकन गायिका आणि पियानोवादक नीना सिमोनला तर शास्त्रीय पियानोवादकच व्हायचं होतं. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेने तिला प्रवेश नाकारला. आपण कृष्णवर्णीय म्हणून नाकारलं, असं तिला अखेरपर्यंत वाटत राहिलं. पोटासाठी ती बारमध्ये वाजवू लागली, पण बाख बोटांतून गेला नाही. तिच्या पहिल्या अल्बममधलं 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' ऐका. गाणं थांबून नुसता पियानो सुरू झाला की दोन्ही हात, बाखच्या रचनांसारखेच, आपापली चाल घेऊन एकमेकांचा पाठलाग करतात. त्याच कर्टिस संस्थेने २००३ साली, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, तिला मानद पदविका दिली. हे आम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

घरी एक प्रयोग करून पाहा. शोपँचं 'बेर्सूझ' (१८४४) आणि लगेच जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सचं 'पीस पीस' (१९५८) लावा. दोन्हींत डावा हात जवळजवळ शेवटपर्यंत एकच छोटी आकृती घोळवत राहतो आणि उजवा हात तिच्यावर हळूहळू नक्षी वाढवत नेतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन उमगतं.

ब्लूजमधली एक गोष्ट मात्र बाख शिकवू शकत नाही. ब्लूज गायकाचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. पियानोवर, आपल्या पेटीसारखीच, मींड निघत नाही. म्हणून वादक कोमल गंधारावरून बोट शुद्धावर घसरवतो किंवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो. हे ऐकूनच येतं, त्यामुळे आम्ही ते नोटेशनशिवाय शिकवतो. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेम्स बुकर याच्या हातात ब्लूजही होता आणि शोपँही. शोपँचा 'मिनिट वॉल्ट्झ' त्याने आपल्या ढंगात वाजवलाय, तो जरूर मिळवून ऐका.

गोव्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेली मुलंच पुढे मुंबईच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली.

आमच्याकडे बाख आणि ब्लूज पहिल्या आठवड्यापासून सोबतच चालतात. बाखचे धडे आधी एकेका हाताने, सावकाश. ब्लूजचा बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा खंड) फेरा डाव्या हाताने. पहिल्या तासाला येताना तुम्हाला आवडणारं एक ध्वनिमुद्रण मोबाइलवर घेऊन या. नखं कापलेली असावीत.