गाडीत दुसरं इंजिन बसवायचंय? गोव्यातली परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

प्रीमियर पद्मिनीत प्रीमियर ११८ एनई गाडीचं निसान ए१२ इंजिन, जिप्सीत जुन्या बलेनोचं १६०० सीसी, मारुती ८०० मध्ये एस्टीमचं १३००. गॅरेजात ही नावं निघाली की गप्पा लवकर आटपत नाहीत. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून गाड्या जपलेली घरं आहेत. त्यामुळे जुन्या बॉडीत दमदार इंजिन घालायचा विचार इथे पुष्कळांच्या डोक्यात असतो. हातात कसब असलेला मेस्त (मिस्त्री) इंजिन बसवायचे माउंट बनवतो, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडतो, रेडिएटर मोठा घालतो आणि गाडी चालूही होते. त्यानंतर ती आरटीओत न्यायची वेळ येते आणि तिथे अडते. म्हणून इंजिनाचे पैसे देण्याआधी पुढची माहिती नीट वाचा. ही माहिती खासगी गाड्यांपुरतीच आहे.

कायदा नेमका काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ हे या विषयाचं मूळ. उत्पादकाने गाडीचा जो मूळ तपशील दिला, त्याच्याशी आरसीवरच्या नोंदी जुळेनाशा होतील असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम म्हणतं. सीसी, इंधन, मेक (म्हणजे बनवणारी कंपनी), मॉडेल या सगळ्या त्या नोंदी. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी दूर जाईल असा बदल चालणार नाही, असं सांगून न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा त्याआधीचा सैल अर्थ रद्द केला.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दर बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा. इंजिन बदललं, सायलेन्सर बदलला, बॉडी कापली, तर तिन्ही वेगवेगळे धरले जाऊ शकतात.

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून इथे गैरसमज होतो. फोर्डने १९७१ मध्ये ट्रान्झिट व्हॅनमध्ये जीटी४० चं व्ही८ इंजिन घालून सुपरव्हॅन बनवली. रेनॉच्या एस्पास या कौटुंबिक गाडीत फॉर्म्युला वनचं व्ही१० बसवलं गेलं. पण ती प्रदर्शनासाठी बनवलेली वाहनं होती, नोंदणी करून रोज बाजाराला न्यायची नव्हेत. कॅलिफोर्नियात सामान्य माणूस इंजिन बदलून गाडी रस्त्यावर आणू शकतो, पण तिथे त्याला वेगळी तपासणी व्यवस्था आहे: इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत बसवलेली हवी. एकट्या मालकाने एक गाडी तपासून घ्यावी अशी वाट आपल्याकडे नाही. इथे गाडीचं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याचा प्रोटोटाइप (पहिला नमुना) केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेत उत्पादक तपासून घेतो. तुमच्या पद्मिनीतल्या निसान इंजिनासाठी ते कोण करणार?

मग पात्र कोण

पहिली आणि सगळ्यांत सोपी बाब अशी की त्याच ब्लॉकचं (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याचं) ओव्हरहॉलिंग केलं तर इंजिन नंबर बदलत नाही. बोअरिंग, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम यातल्या कशालाही आरटीओची परवानगी लागत नाही. मला मनापासून वाटतं की जुन्या गाडीवर जीव असेल तर पैसे आधी इथे घालावेत. गोव्यात जुन्या इंजिनांवर चांगला हात असलेली माणसं अजून आहेत.

दुसरी वाट त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बसवायची. ब्लॉकला तडा गेला, कनेक्टिंग रॉड बाहेर आला, पुरात इंजिन बसलं, अशा वेळी हीच वाट धरतात. एस्टीमला एस्टीमचंच, त्याच सीसीचं, त्याच इंधनाचं इंजिन. आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो, बाकीच्या नोंदी तशाच राहतात.

तिसरी वाट इंधनाची. कलम ५२ मध्येच सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची सोय आहे. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ (प्रदूषणाच्या मानकातल्या) पेट्रोल गाड्यांवरही सीएनजी-एलपीजी किट चालतं, आणि साडेतीन टनांखालच्या बीएस-६ डिझेल गाडीत सीएनजी किंवा एलपीजी इंजिन घालायचीही तरतूद आहे. इलेक्ट्रिक रूपांतराची किटं एआयएस-१२३ या मानकाखाली तपासली जातात. प्रत्येक किटची मान्यता ठरावीक मॉडेलांसाठी असते. त्यामुळे विक्रेत्याकडून मान्यता प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का ते स्वतः वाचा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

आता स्वप्नातल्या इंजिनांकडे वळू. जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीची आली आणि नंतर त्याच कंपनीने ती १३०० सीसीत दिली. जुन्या जिप्सीत नव्या जिप्सीचं इंजिन घातलं तर मेक एकच, पण आरसीवरची सीसी बदलते. शब्दशः वाचलं तर हे कलम ५२ च्या बाहेर जातं. त्याहून चटका लावणारं उदाहरण जुन्या २४० डी मर्सिडीजचं. तिचं ओएम६१६ डिझेल इंजिन बजाज टेम्पोने आपल्याकडे परवान्याखाली बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. मूळ आराखडा तोच, सुटे भाग बरेचसे जुळतात, मेस्ताच्या नजरेला दोन्ही इंजिनं भावंडंच. तरी कागदावर मेक वेगळा आहे. असं प्रकरण असेल तर आधी लेखी अर्ज करून खात्याचं लेखी उत्तर घ्या. काउंटरवर कोणी ‘होईल’ म्हणालं त्यावर गाडी उघडू नका. बलेनो ते जिप्सी, एस्टीम ते ८००, निसान ते पद्मिनी या जोड्या रस्त्यावरच्या गाडीसाठी पात्र नाहीत. हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं तेच सांगितलेलं बरं.

गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर आणखी एक विचार करा. जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल नसलेली अशी ती अट. नोंदणीसाठी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. इंजिन बदललंत की हा दरवाजा तुमच्या हाताने बंद होतो. आजोबांची ऑस्टिन किंवा ओपेल शेडमध्ये असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी हे घरात सगळ्यांना सांगा.

अर्ज कोणी आणि कुठे करायचा

अर्ज नोंदणीकृत मालकच करतो. गोव्यात पहिली अडचण इथेच येते, कारण गाडी बऱ्याचदा वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी मृत्यू दाखला, गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे नोटरीकडचं डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते सांगणारा दस्त) किंवा न्यायालयातल्या इन्व्हेंटरीचे (वारसा वाटणीच्या कारवाईचे) कागद, आणि बाकीच्या वारसांची संमती जोडतात. भाऊ आखातात किंवा बोटीवर असेल आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर तो सुट्टीवर येईल तेव्हाच अर्जाचं नियोजन करा. वाहन पोर्टलवर ओटीपी त्याच्याच नोंदलेल्या मोबाइलवर जातो.

जागा म्हणजे तुम्ही राहता त्या भागातलं वाहतूक खात्याचं कार्यालय, सहाय्यक वाहतूक संचालकांचं. गाडी जीए ०२ ची मडगावची, पण तुम्ही आता म्हापशाला राहत असाल, तर आधी आरसीवरचा पत्ता बदलून घ्या. गाडीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर त्यांचं लेखी ना-हरकत पत्र लागेल.

क्रम असा ठेवा: आधी पूर्वपरवानगीचा अर्ज, मग काम, मग तपासणी, मग आरसीवर नोंद. अचानक ब्लॉक फुटून बदल आधीच करावा लागला असेल, तर कलम ५२(३) प्रमाणे १४ दिवसांच्या आत खात्याला कळवून आरसी आणि शुल्क द्यायचं असतं. ही मुदत चुकवू नका. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो आणि गाडीच्या वर्गाप्रमाणे शुल्क तिथेच दिसतं. कागदांची मूळ प्रत मात्र कार्यालयात दाखवावी लागते.

कोणते कागद जमवायचे

आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड. काम केलेल्या गॅरेजचं जीएसटी क्रमांक असलेलं बिल, त्यावर जुना आणि नवा असे दोन्ही इंजिन नंबर. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि चासी व इंजिन नंबरांचे पेन्सिल प्रिंट (पेन्सिल घासून उचललेले ठसे). इंजिन का बदललं ते सांगणारं प्रतिज्ञापत्रही सहसा मागतात. एवढं जमवायला फार वेळ जात नाही.

वेळ जातो तो इंजिनाच्या स्वतःच्या कागदांत. नवं असेल तर अधिकृत डीलरचं टॅक्स इन्व्हॉइस पुरतं. जुनं असेल तर ते कुठल्या गाडीतून निघालं हे सिद्ध व्हायला हवं: त्या गाडीची नोंदणी कलम ५५ खाली रद्द झाल्याचा कागद, किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचं प्रमाणपत्र, सोबत विक्रेत्याचं बिल. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून ट्रकवर आलेल्या इंजिनाला बहुतेक वेळा साध्या चिठ्ठीपलीकडे काही नसतं. ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर खरेदीदार म्हणून पोलीस तुमच्याकडे येतील. म्हणून पैसे देण्याआधी इंजिन नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ पोर्टलवर तपासा आणि तिथला दाखला फाइलीत लावा.

पेन्सिल प्रिंटबद्दल जरा जास्त सांगतो, कारण कित्येक फाइली इथेच अडून परत येतात. नंबर ब्लॉकवरच्या एका सपाट पट्टीवर कोरलेला असतो आणि त्यावर तेल, रंग, गंज यांचे थर चढलेले असतात. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तो आणखी बुजतो. तिथे ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर कधीच लावायचा नाही. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर लावून ठेवायचं, सकाळी मऊ तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करायचं, कोरडं पुसायचं. मग मऊ पेन्सिल नंबरावर आडवी घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायची, सावकाश उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. प्रत्येक अंक सुटा दिसायला हवा. तीन आणि आठ एकसारखे वाटले तर दुसरा प्रिंट घ्या. ग्राइंडरचे ओरखडे दिसले की निरीक्षक नंबरात छेडछाड झाल्याचा संशय धरतो आणि मग तो दूर करणं फार कठीण जातं. नवा ब्लॉक कोरा आला असेल तरी गॅरेजात स्वतःहून जुना नंबर पंच करून घेऊ नका. आधी खात्याला लेखी विचारा.

तपासणी आणि त्यानंतर

तपासणीला मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो: दोन्ही नंबर, इंजिनाचा प्रकार, माउंटिंग, इंधनाच्या नळ्या, सायलेन्सर, ब्रेक, दिवे. इंजिन बे (बॉनेटखालची जागा) धुऊन न्या आणि नंबराकडे टॉर्चचा उजेड पोचेल अशी जागा मोकळी ठेवा. त्याने काही त्रुटी काढल्या तर त्या लेखी मागून घ्या, म्हणजे मेस्तालाही नेमकं काय करायचं ते कळतं.

हे सगळं टाळून ‘कोण बघतो’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. प्रत्येक वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी राहते आणि नंबर आरसीशी ताडून पाहिला जातो. नोंद नसलेलं इंजिन तिथे सापडलं की नूतनीकरण थांबतं आणि चांगली चालती गाडी शेडमध्ये सडत पडते. गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर अशा गाड्या उभ्या आहेत, आणि त्या बघवत नाहीत.

अपघात झाला तर विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि तिसऱ्या व्यक्तीला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून आरसीवर नवा नंबर चढला की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर दुरुस्तीची नोंद करून घ्या आणि पीयूसी नव्याने काढा. शेवटी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर आरसी उघडून इंजिन नंबर अंकाअंकाने ताडून पाहा. एखादा अंक चुकीचा चढला असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण मंजूर झालेली फाइल आणि प्रिंट तेव्हा कार्यालयात हाताशी असतात.