स्क्रीनचं पोस्टर आणि ऑफसेटचं पोस्टर

भाऊबीज झाली की मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एसटी स्टँडपासून खेड्यातल्या पानठेल्यापर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं लागतात. मागच्या हंगामात गावातलाच एक पोरगा, नागपूरला डिझाइन शिकणारा, माझ्या दुकानात आला. हातातल्या पुंगळीत दोन पोस्टरं होती. एक पानठेल्यावरून मागून आणलेलं नाटकाचं. दुसरं पुण्यातल्या एका रॉक बँडच्या कार्यक्रमाचं, काळ्या कागदावर तीन रंगांत छापलेलं. म्हणाला, "काकाजी, दोन्ही छापलेलीच होय ना? मग या बँडवाल्याचे सहाशे रुपये कशाचे?"

मी पंचवीस वर्षं लग्नपत्रिका, पिशव्या आणि स्टिकर स्क्रीनवर, म्हणजे जाळीतून, छापतो. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी त्याच्या हातात भिंग दिलं. नाटकाच्या पोस्टरवर नायिकेचा गाल बघ म्हटलं. लांबून गव्हाळ दिसणारा गाल भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचा निघाला, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल धरून बसलेले ठिपके. गव्हाळ रंगाची शाई त्या कागदावर कुठेच नाही, तो रंग आपला डोळा तयार करतो. हे ऑफसेट. चार रंगांच्या चार प्लेटा. शाई प्लेटवरून आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर.

मग काळ्या कागदावरचं केशरी बघ म्हटलं. ठिपका नाही. केशरी म्हणजे अख्खं केशरीच, डब्यात कालवून आणलेलं. कडेवरून बोट फिरवलं तर शाईची कड लागते. लग्नपत्रिकेवरच्या नावावर बोट फिरवून पाहा, तोच उठाव. इथे चौकटीवर ताणलेली पॉलिस्टरची जाळी असते (पूर्वी रेशमाची असायची, म्हणून सिल्कस्क्रीन), नको तिथली भोकं इमल्शनने, म्हणजे उजेडात कडक होणाऱ्या लेपाने, बुजवलेली असतात आणि उरलेल्या भोकांतून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) शाई दाबतात. ऑफसेटच्या शाईचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो, स्क्रीनचा सहज त्याच्या दहापट. त्या काळ्या कागदाचं उत्तरही यातच आहे. ऑफसेटच्या शाया पारदर्शक असतात, पांढऱ्या कागदाच्या उजेडावर जगतात. काळ्यावर त्या विझतात. स्क्रीनची दाट पांढरी शाई काळ्यावरही बऱ्यापैकी पांढरी दिसते.

ठिपके दिसले की ऑफसेट, असा सरळ नियम मात्र करू नका. स्क्रीनवरही फोटो ठिपक्यांत फोडून छापता येतो. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने 1962 साली मेरिलिन मन्रोचे चेहरे असेच स्क्रीनने कॅनव्हासवर उतरवले. फरक ठिपक्याच्या बारकाईत असतो. ऑफसेटमध्ये इंचाला ठिपक्यांच्या दीडशे-पावणेदोनशे ओळी सर्रास असतात, भिंगाशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत. हाताने ओढलेल्या स्क्रीनवर ठिपका जाडच ठेवावा लागतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका नाटकवाल्याच्या हट्टाने मी चार रंगांत बारीक ठिपक्यांचे चेहरे स्क्रीनवर काढायला गेलो. ठिपक्यांची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकांत अडकली आणि प्रत्येक कपाळावर लाटा उमटल्या. सगळे कागद रद्दीत गेले. चूक माझीच होती, ते काम ऑफसेटचं होतं.

खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 45/150 लिहिलंय म्हणूनही फसू नका. दीडशेपैकी पंचेचाळिसावी प्रत, एवढंच तो आकडा सांगतो, त्या कशावर छापल्या ते सांगत नाही. इंकजेट प्रिंटवरही तो घालतात.

पोराचा दुसरा समज असा, की रॉकचं पोस्टर म्हणजे स्क्रीनचंच. तसं नाही. 1966 पासून सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर आणि अॅव्हलॉन या सभागृहांसाठी वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो यांनी वितळल्यासारख्या अक्षरांची, डोळ्यांत खुपणाऱ्या रंगांची जी पोस्टरं केली, ज्यांवरून पुढे सगळ्यांनी रॉकचं पोस्टर ही कल्पना उचलली, ती ऑफसेटवर छापलेली होती. जाहिरातच होती ती. खूप हवी होती आणि स्वस्तात हवी होती, अगदी आपल्या झाडीपट्टीसारखी. स्क्रीनचा जोर नंतर आला. अमेरिकेतल्याच ऑस्टिनमध्ये फ्रँक कोझिकसारख्या डिझायनरांनी मोठी, भडक स्क्रीन पोस्टरं काढली. भिंतीवर चिकटवायच्या कागदाचा घरी जपायचा कागद झाला. 2002 पासून फ्लॅटस्टॉक नावाने अशा पोस्टरांची प्रदर्शनंही भरू लागली. म्हणून स्क्रीन म्हणजे कला आणि ऑफसेट म्हणजे माल, ही विभागणी मला मान्य नाही. झाडीपट्टीचं पोस्टर आमच्या गावांचं खरं रस्त्यावरचं चित्र आहे. त्यात चेहरे लागतात, कारण माणसं कलाकार बघून रात्रभर बसतात. चेहरे ऑफसेटला जमतात.

खरा फरक डिझायनरच्या टेबलावर पडतो. ऑफसेटला तुम्ही चित्र देता, रंग मशीन फोडतं. स्क्रीनला प्रत्येक रंग तुम्ही आधी ठरवता. एक रंग म्हणजे एक जाळी, एक पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरचं काळं चित्र), एकदा वाळवणं, पुन्हा खुणेवर कागद लावणं. तीन रंगांत चित्र बसवताना सावली सोडावी लागते, आकार ठाम करावे लागतात, दोन रंग जिथे भेटतात तिथे केसभर एकावर एक चढवावे लागतात, नाहीतर मधे पांढरी रेघ उघडी पडते. म्हणूनच स्क्रीनसाठी केलेलं चित्र ऑफसेटवर धड येतं, पण ऑफसेटचं चित्र स्क्रीनवर तसंच्या तसं येत नाही.

हिशेब सोपा आहे. पन्नास-शंभर प्रती आणि दोन-तीन रंग असतील तर स्क्रीन. हजारावर प्रती आणि फोटो असतील तर ऑफसेट. चौकातला फ्लेक्स तिसराच प्रकार, तो इंकजेट.

स्टिकरचंही तेच. अमेरिकी कलाकार शेपर्ड फेअरीने 1989 मध्ये शिकत असताना कुस्तीपटू 'आंद्रे द जायंट'च्या चेहऱ्याचा काळा-पांढरा स्टिकर काढला, तो एका रंगातच पोचला. आपल्याकडे ट्रॅक्टरवर 'आईचा आशीर्वाद' म्हणून लागतं ते बहुतेक वेळा रेडियम असतं. ते छापलेलं नसतं, मशीनने कापलेलं असतं. छापील स्टिकर उन्हात टिकवायचा असेल तर व्हिनाइलवर स्क्रीनची दाट शाई घ्या. ऑफसेटच्या पातळ थरातला गुलाबी आणि पिवळा आधी उडतो. मे महिन्यात स्टँडच्या भिंतीवर दिवाळीचं पोस्टर उरलेलं असेल तर पाहा, नायक-नायिका दोघंही निळी झालेली असतात.

पोराने शेवटी मंडईसाठी गावच्या दंडारीचं, म्हणजे इकडच्या लोकनाट्याचं, पोस्टर केलं, साठ प्रती, तीन रंग. नाच्याच्या चेहऱ्याची त्याने चार वेळा फोड केली, तेव्हा तो दोन रंगांत बसला. जाळी आम्ही पॉझिटिव्ह ठेवून अंगणातच उन्हात एक्सपोझ केली, सेकंद मोजून, आणि लगेच नळाखाली धरली. आधी काहीच दिसेना. मग डोळ्यांच्या जागचं इमल्शन सुटलं, पाणी आरपार गेलं आणि जाळीत दोन डोळे उघडले. पोरगा ओल्या हातांनी चौकट धरून तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, आता सावलीत वाळव आणि केशरी कालवायला घे.